उताऱ्यात आहे तेच लिहा

रीनाची आजी गेली त्या दिवशी मी शाळेत बसलो होतो. मुलांना वाचलेलं कळतं की नाही, यावर बैठक चालू होती.

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. सातवी शिकलो आहे आणि बोलावलं की येतो, एवढ्यावर गावाने मला निवडलं. जुलै संपत आला होता, सगळं गाव धानाच्या रोवण्यात गुंतलेलं, म्हणून बैठकीला तिघंच होतो. मी, ब्रह्मपुरीहून बसने येणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम आणि केंद्रप्रमुख विनोद सर. सरांच्या हाताखाली बावीस शाळा आहेत.

सरांनी तिसरीतल्या एका मुलीला दीपगृहावरचा उतारा वाचायला लावला. तिने कुठेही न अडखळता वाचला. सरांनी विचारलं, "दीपगृह म्हणजे काय?"

"ज्याच्या घरी लाईनचा दिवा आहे ते," मुलगी म्हणाली.

सर माझ्याकडे वळले. "पाहा भाऊ, हेच. वाचते धडाधडा, कळत काही नाही. या लेकरांनी समुद्र पाहिला आहे का? यापुढे उतारे आपल्या परिसरातले घ्यायचे. आपलं गाव, आपली माणसं, आपल्याकडच्या घटना."

मला ते पटलं. मी तसं बोललोही. तेवढ्यात बाहेर मोठा कडकडाट झाला आणि पंखा बंद पडला. आम्ही खिडकीजवळ सरकून बैठक पुढे चालवली.

अर्ध्या तासाने माझा शेजारी वारलू मोटारसायकल घेऊन आला.

"लटारूभाऊ, चाल."

"काय झालं?"

"तू बस नं गाडीवर."

मॅडमनी सवयीने बैठकीची वही पुढे केली. मीही सवयीने सही केली आणि निघालो. वारलूने नाल्याच्या पुलावर गाडी हळू केली आणि मान न वळवता म्हणाला, "वहिनीवर वीज पडली, भाऊ. नाई राह्यली."

काय झालं ते आशाबाईने सांगितलं. ती त्या दिवशी रीनाच्या आजीसोबत रोवायला होती. पाऊस जोराचा आला तशा चारही बाया मोहाच्या झाडाखाली गेल्या. रीनाची आजी तिथून निघून शेताच्या उघड्या बांधावर गेली.

"म्हने, रीनाच्या पुस्तकात लिवलं हाये, वीज चमकते तवा झाडाखाली राहू नोका," आशाबाई सांगत होती. "आमाले म्हने, तुमीबी निंगा. आमी हासलो वो. म्हटलं, मोठी शिकेल हाये. ते गेली नं धुऱ्यावर उभी राह्यली. एकलीच. मंग…"

झाडाखालच्या तिघी जिवंत आहेत. आशाबाईला पंधरा दिवस एका कानाने ऐकू येत नव्हतं, तेवढंच.

रीना माझी नात. मुलगा आणि सून कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत, म्हणून ती दुसरीपासून आमच्याकडे आहे. आता चौथीत आहे. तिच्या आजीला अक्षर येत नव्हतं. सांजेला ती तांदूळ निवडायला बसायची आणि रीना तिला पुस्तक वाचून दाखवायची. शाळेनेच सांगितलं होतं, घरी मोठ्याने वाचा, कोणाला तरी ऐकवा. आजी मध्येच कारण विचारायची, "मंग काऊन?" आणि उत्तर येईस्तोवर सूप हलवायची नाही. रीनाला उत्तर द्यावंच लागायचं. मुलीला वाचलेलं कळतं की नाही, हे आमच्या घरी रोज तपासलं जात होतं.

विजेचा धडा दोन पानांचा आहे. आदल्या दिवशी गृहपाठ एका पानाचा होता. पहिल्या पानावर शेवटचं वाक्य आहे, झाडाखाली थांबू नका. दुसऱ्या पानावर लिहिलं आहे की मोकळ्या शेतात उभंही राहू नका, पक्क्या घरात जा, घर जवळ नसेल तर पाय जवळ घेऊन उकिडवं बसा. ते पान मी तेरवीनंतर वाचलं. त्याच्या आधीच रीनाने मला विचारलं होतं, "आबाजी, आजी कुठी उभी होती?" आणि मी खरं ते सांगून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात शाळेत दुसरं पान झालं. त्या दिवसापासून तिने घरी मोठ्याने वाचणं बंद केलं. वाचते, पण तोंड मिटून.

डिसेंबरात चाचणी झाली. आमच्या केंद्रासाठी विनोद सरांनी स्वतः पुस्तिका काढली होती. बैठकीत बोलले तसं त्यांनी केलं. सगळे उतारे परिसरातले. पहिला सावली गावच्या बाजारावर, दुसरा धानाच्या जातींवर. तिसरा असा होता:

"आशाबाई रोवणी करत होत्या. अचानक विजा चमकू लागल्या. आशाबाईंनी मोहाच्या झाडाखाली आसरा घेतला. झाडावर वीज पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांना वाचता येत नव्हते. वाचता येत असते तर त्यांचे प्राण वाचले असते."

सरांनी हे पेपरातल्या बातमीवरून घेतलं होतं. बातमी देणाऱ्याने फोनवर विचारून लिहिली होती, आणि वीज पडून बाई मेली म्हणजे ती झाडाखालीच असणार, असं त्याने धरलं. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून सरांनी नाव तेवढं बदललं. सुचलं ते टाकलं, गावात खरी आशाबाई आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

खाली चार प्रश्न होते. आशाबाई कोठे उभ्या होत्या? रीनाने लिहिलं, धुऱ्यावर. त्यांची चूक कोणती? तिने लिहिलं, त्यांनी पुस्तकाचे ऐकले. काय करायला हवे होते? दुसरे पान वाचायला हवे होते. उताऱ्याला शीर्षक द्या, ती जागा कोरी.

आठपैकी शून्य. कार्डावर शेरा आला: वाचन ओघवते, आकलन नाही. तिला 'वाक्य' या खालच्या पातळीत टाकलं. दीपगृहवाली मुलगी 'उतारा' पातळीत गेली.

मी शाळेत गेलो. ज्योत्स्ना मॅडमनी मला पाहिलं आणि आधी खुर्ची पुसली.

"मला माहीत आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "पेपर तपासताना मीच रडले. पण उत्तरसूची वरून आली आहे. उताऱ्यात आहे तेच उत्तर धरायचं. मुलाला बाहेरून जे माहीत आहे ते धरायचं नाही. नियमच आहे तो."

"बाहेरचं कुठी हाये, मॅडम? घरचं हाये."

मग त्यांनी विनोद सरांना फोन लावला आणि सर दुसऱ्या दिवशी आले. चांगला माणूस आहे. तेरवीलाही आले होते.

"भाऊ, मी तुमच्या भावना जपल्या," ते म्हणाले. "नाव बदललं."

"नाव बदललं, सर. जागाबी बदलली. ते झाडाखाली नवती."

"आता तुम्हीच सांगा काय करू. खरं छापलं तर काय होईल? झाडाखालच्या वाचल्या आणि झाड सोडलेली गेली, असं बावीस शाळांतल्या पोरांनी वाचायचं? पुढच्या पावसाळ्यात सगळी जाऊन झाडाखाली उभी राहतील."

त्यांचं चुकत नव्हतं. "दुसरं पान बी छापा मंग," मी म्हटलं.

"उतारा सहा ओळींचाच लागतो, भाऊ." त्यांनी खिशातून डायरी काढली. "एक करतो. रीनाची फेरचाचणी घेतो, सोमवारी. हुशार मुलगी आहे, तिचं नुकसान नको. पुस्तिका तीच राहील, दुसरी नाही माझ्याजवळ. तिला फक्त एवढं सांगा, उताऱ्यात आहे तेच लिही. चार ओळींचं काम आहे."

सर गेल्यावर मॅडम मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"भाऊ, रागावू नका, एक बोलू? तिने ते झाडाखाली असंच मानलं तर बरं नाही का? आजीने आपल्या मनानं चूक केली, असं होईल. तिने वाचून दाखवलं म्हणून झालं, असं राहणार नाही. लहान आहे ती. पाच-सहा वर्षांनी तिला उताराच खरा वाटेल."

मी वाटभर त्याच विचारात होतो. बाई रोज बसने दोन तास येते-जाते आणि माझ्या घरातलं असं नेमकं ओळखते. तिने सांगितलं ते वाईट नव्हतं. पण मग रीनाच्या आजीने नातीचं ऐकलं नाही असं होतं. तिने ऐकलं होतं. त्या झाडाखालच्या चौघींत तिने एकटीनेच ऐकलं होतं, आणि ऐकलं म्हणून ती गेली. हे उताऱ्यात बसत नाही. माझ्याही डोक्यात नीट बसत नाही.

आशाबाई वाटेत भेटली. तिच्या नातवाने तिला उतारा वाचून दाखवला होता.

"त्या सायबानं मले मारून टाकलं नं, भाऊ," ती म्हणाली. "बावीस गावात मेली म्हने मी. आन वरतून अडाणी म्हनून मेली. मी तं दुसरीपर्यंत गेलती."

"नाव बदलाले सांगू का?"

"राहू दे," ती म्हणाली आणि डोक्यावरचा भारा सावरला. "झाडाखाली मीच होती. तेवढं तं बराबर हाये त्याचं."

ती पुढे निघून गेली. मला हसू आलं, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच आलं, म्हणून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

आज रविवार. सांजेला मी ओसरीत बसलो होतो. रीना पुस्तिका घेऊन आली आणि तिसरा उतारा उघडून माझ्यासमोर ठेवला.

"आबाजी, मॅडम म्हणाल्या, याच्यात आहे तेच लिहायचं."

"हो, म्हणाल्या."

"मले येते ते. मोहाच्या झाडाखाली. त्यांनी झाडाखाली आसरा घेतला. सगळं पाठ आहे."

"मंग?"

"मंग लिहू का?"

मी पुस्तिका हातात घेतली. सहा ओळी होत्या, दोनदा वाचल्या. ती समोर उभी होती.

"तुमी सांगाल ते लिहीन," ती म्हणाली. "तुमी अध्यक्ष आहा."

ती हे गंमत म्हणून बोलली नाही. तिला खरंच वाटतं की अध्यक्षाला हे ठरवता येतं. मी म्हटलं, भात लागेल, पाहून ये. ती चुलीकडे गेली, भात उतरवून आली आणि परत त्याच जागी उभी राहिली. मग आम्ही जेवलो.

फेरचाचणी उद्या साडेदहाला आहे. काय लिहायचं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.