पुष्पाच्या हंड्यातलं पाणी

मित्रांनो, मी मासे पाळायची एक जुनी काचपेटी आहे. माझा वरचा एक कोपरा चिरलेला आहे. कौतुक करू नका. फक्त ऐकून घ्या.

ठाण्यातल्या एका रंगीत माशांच्या दुकानात मी घडले. मंगेश तिथे साफसफाईला होता. कोपरा चिरला तशी मालकाने मला भंगारात काढली. मंगेशने मला चादरीत गुंडाळलं, एसटीत मांडीवर धरलं आणि सूर्यमाळला आपल्या पाड्यावर आणलं. सोबत पिशवीत गप्पी मासे. गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. ती वाढवून खोडाळ्याच्या बाजारात विकायची, पुन्हा मजुरीला ठाणं गाठायचं नाही, असा त्याचा बेत. बेत वाईट नव्हता.

पोरं माझ्याभोवती गर्दी करायची. वीज गेली की मंगेश तांब्याने पाणी वरून ओतत राहायचा, माशांना हवा मिळावी म्हणून. मादीच्या शेपटीकडचा काळा डाग मोठा झाला की ती गाभण. तो डाग मंगेश रोज वाकून बघायचा. त्याची बायको पुष्पा सातव्या महिन्यात होती. तिच्याकडे त्याने इतकं निरखून बघितल्याचं मला आठवत नाही.

उन्हाळ्यात विहीर आटली. टँकर यायचा, पण त्याच्या पाण्यात जंतू मारायचं औषध. त्याने पिल्लं मरतात. म्हणून माझ्यासाठी दरीतल्या झऱ्याचं पाणी. माणसं टँकरचं पीत होती आणि मासे झऱ्याचं! वाटी वाटी करून भरलेला तो हंडा पुष्पा डोक्यावर चढवून आणायची.

शेजारची सुकरी हसायची, "पुष्पे, तुझ्या सवतीला पाणी लय लागतं गं!"

"सवत बरी," पुष्पा म्हणायची. "उलटून बोलत तरी नाय."

खरं सांगू? टँकरचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं की औषध उडून जातं. दुकानात तसंच करायचे. मंगेशला ते ठाऊक होतं. मलाही. पण थांबतो कोण? बायको होती ना!

एका दुपारी माझं पाणी गढूळ झालं आणि मादी व्यायला आली.

"पुष्पा, एक हंडा आन. आताच."

"पाय सुजलेत रं. ऊन उतरलं का जाते."

"तवर मरंल ती!"

मंगेशची आई माघी चुलीपासून ओरडली, "मंग तू जा की! तुझे पाय काय मोडलेत?"

"आय, मी डोक्यावर हंडा घेतला तर पाडा हसंल."

पुष्पा उठली आणि गेली.

उतारावर ती पडली. सुकरीने हाका मारल्या. झोळी करून माणसांनी तिला रस्त्यापर्यंत नेलं. इकडे संध्याकाळी मादी व्याली, त्याच गढूळ पाण्यात. पिल्लं सगळी जगली. म्हणजे त्या हंड्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुष्पा दवाखान्यातून परतली ती रिकाम्या हातांनी. माझ्यासमोर बसून राहिली. मग मंगेशला म्हणाली, "मादीला येगळी काढ. खाईल ती आपल्याच पोरांना."

मंगेशने जाळी उचलली. ती पाण्यात इकडून तिकडे फिरवली, पण मादी त्याला सापडेना. शेवटी पुष्पानेच ती काढली.

काचेचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, ही पळवाट झाली. तिने वाहिलेलं पाणी माझ्या पोटात होतं आणि मी त्यात चकाकत होते. पोरं मला सुंदर म्हणायची, ते मला आवडायचं.

मासे जरूर पाळा. पण ज्याला जीव लावाल, त्याचं पाणी स्वतः वाहा. दुसऱ्याच्या डोक्यावर हंडा देऊन कुणी दयाळू होत नसतो.

आता घरचं पाणी मंगेश आणतो. पहिल्यांदा त्याने हंडा डोक्यावर घेतला तेव्हा पाडा हसला. दोन दिवस हसला आणि विसरला. तेवढ्या हसण्याच्या भीतीपायी एक मूल गेलं.