माझे पाच दिवे

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि मला तापायला वेळ लागतो. बटण दाबल्याबरोबर बडबडायला लागणाऱ्यांपैकी मी नाही. तेव्हा ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल निघावे. बाकीच्यांनी बसून घ्यावे.

आधी माझे काम सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. रेकॉर्डवर सुई फिरते तेव्हा तिच्यातून निघणारा आवाज अगदी मुंगीएवढा असतो. तो मी मोठा करतो आणि स्पीकरच्या हवाली करतो. मग पाहुणे म्हणतात, "वा, काय स्पीकर आहे!" राबणार मी आणि नाव होणार त्याचे. पण असो. आमचे दोघांचे इतकी वर्षे पटले आहे, आता उगाच कागाळ्या कशाला करू?

माझ्या डोक्यावर काचेच्या पाच नळ्या आहेत. माहीतगार लोक त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. मी चालू झालो की त्या आतून नारिंगी उजळतात, म्हणून आमच्या घरात त्यांचे नाव 'दिवे'. त्यातले दोन धाकटे, बुटके. तीन थोरले, एका उंचीचे. थोरल्यांपैकी दोघे खरे जुळे भाऊ. ते आवाजाला बळ देतात. तिसरा फक्त तोंडवळ्याने त्यांच्यासारखा. घरातली वीज माझ्या पोटात जाण्याआधी तिला सरळ वळण लावायचे, हे त्याचे काम. प्रत्येकाला पाय मात्र नऊच, त्यामुळे कोणीही कोणाच्याही जागेवर चपखल बसतो. बसतो खरा, पण तसा बसला की घात होतो. एवढे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ ह्यातूनच झाला.

मला घडवले एका रेडिओमिस्त्रींनी, आपल्या जिवलग मित्रासाठी. मित्राचे चष्म्याचे दुकान होते. दुकान खाली, घर वर. मिस्त्रींनी पत्रा कापला, एका मोडक्या रेडिओतला जड ट्रान्सफॉर्मर बसवला, तारेला तार लावून कथलाचे डाग दिले आणि जुन्या कपाटाच्या दाराच्या फळ्या बाजूंना ठोकल्या. प्रत्येक दिव्याच्या जागेपाशी पत्र्यावर टोच्याने नंबर कोरला. थोरल्यांच्या जागा होत्या ८४, ८४ आणि ८१. दिव्यांच्या काचेवरही तेच नंबर पांढऱ्या शाईने छापलेले होते. मला सुपूर्त करताना मिस्त्री म्हणाले, "ज्याचा तो ज्याच्या त्याच्या घरात राहू दे. अदलाबदल केलीस तर मला बोलावू नकोस, भंगारवाल्याला बोलाव."

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. संध्याकाळी दुकान बंद करून चष्मेवाले वर येत. माझ्यासमोर बसून आधी स्वतःचा चष्मा काढत, काचेवर 'हाऽ' करून वाफ धरत आणि शर्टाच्या टोकाने पुसत. दुकानात दिवसभर हेच केले तरी हौस फिटत नसे. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, जिन्यावरूनच हाक देत, "दिवे लावले का?" चष्मेवाले म्हणत, "लावले. तापू दे." मग दोघे गप्प बसून माझी वाट बघत. मित्रांनो, आपली कोणी वाट बघते आहे ह्याचे सुख काय सांगू! मी त्या काळी अंगात होते नव्हते तेवढे सगळे ओतून वाजत असे.

पुढे काकू गेल्या. चष्मेवाल्यांनी एक चादर आणली आणि माझ्यावर टाकली. मिस्त्रीही त्यानंतर वारले. चष्मेवाल्यांचा मुलगा मोठा होऊन बोटीवर नोकरीला लागला. तो महिनोन् महिने समुद्रावर. मी चादरीखाली धूळ खात पडलो. धूळ मेली चादरीतूनही येते! कोणीतरी माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांची थप्पी ठेवली, तेव्हा मी समजलो की आता आपण टेबल झालो.

मग मुलाचे लग्न झाले. घरात सून आली आणि थोड्याच दिवसांत मुलगा पुन्हा बोटीवर गेला. मागे उरली दोन माणसे, एकमेकांना पुरती अनोळखी. सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. ती संध्याकाळी यायची. चष्मेवाले विचारायचे, "दमलीस?" ती म्हणायची, "नाही, बाबा." झाले, संपले संभाषण. दोघेही स्वभावाने चांगली, पण चांगुलपणाने काही गप्पा होत नाहीत.

एके दिवशी कपडे उचलताना तिने चादरीचा कोपरा वर केला.

"बाबा, हे काय आहे?"

"ॲम्प्लिफायर. व्हॉल्व्हचा."

"वाजतो?"

"वाजायचा."

"मग लावा ना!"

चष्मेवाल्यांनी जरा आढेवेढे घेतले, पण रेकॉर्ड शोधायला लगेच उठले. बटण दाबले. काहीच आवाज येईना. सूनबाई हळहळली, "गेला वाटतं बिचारा." चष्मेवाले माझ्याकडे बघत म्हणाले, "गेला नाही. तापू दे त्याला." आणि मी तापलो, मित्रांनो. आधी घसा खरखरला, मग आवाज मोकळा झाला. सूनबाई जमिनीवरच बसली, गुडघ्यांना मिठी मारून. गाणे संपल्यावर ती म्हणाली, "आवाज कसा ऊबदार आहे, नाही?" मला इतके छान कोणी म्हटले नव्हते, काकूंनीसुद्धा.

त्या दिवसापासून घराला कंठ फुटला. गाण्याआधी मी तापेपर्यंत जो वेळ जाई, त्यात दोघे बोलू लागली. ती प्रयोगशाळेतल्या गमती सांगे. ते सांगत, माणसे चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधायला दुकानात कशी येतात. चादर घडी होऊन कपाटात गेली.

आता ऐका, घोळ कसा झाला तो. सूनबाईला काच स्वच्छ ठेवायचे व्यसन. तिच्या कामात काचेवर बोटाचा ठसा राहिला तर तपासणी फुकट जाते. एका रविवारी सकाळी चष्मेवाले केस कापायला गेले आणि तिच्या मनात आले, बाबांना चकित करावे. तिने माझा प्लग काढला, मी गार होईपर्यंत थांबली, मग पाचही दिवे अलगद उपसले आणि स्पिरिटच्या बोळ्याने घासून पुसले. मी ओरडून सांगणार होतो, पण विजेवाचून मला कुठली वाचा? वर्षानुवर्षांची काजळी गेली. तिच्याबरोबर काचेवरचे पांढरे नंबरही गेले. तिला ती धूळच वाटली. दिवे लखलखीत झाले आणि तिने ते उंची बघून परत बसवले. बुटके बुटक्यांच्या जागी, उंच उंचांच्या जागी. कोणालाही हेच बरोबर वाटले असते.

चष्मेवाले आले. "अरे वा! आरसाच केलास की!" म्हणाले आणि कौतुकाने बटण दाबले. माझ्या पोटात कळ उठली, एक दिवा भलताच भडकला, जळका वास सुटला आणि फट्‌! माझ्या फ्यूजने स्वतःचा जीव देऊन मला वाचवले. चष्मेवाल्यांनी प्लग ओढला, वाकून दिव्यांकडे पाहिले. "नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर, बाबा?"

चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेले, "काय दिवे लावलेस, सूनबाई!"

आपल्या भाषेत असे म्हणतात ते काही कौतुकाने नव्हे. त्यांना ते बोलायचे नव्हते. पण तोंडातून सुटलेला शब्द परत आत कसा जाणार? सूनबाईचा चेहरा एवढासा झाला. ती 'सॉरी' म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

चष्मेवाल्यांनी एकदोघा दुरुस्तीवाल्यांना फोन केले. एक म्हणाला, "ह्यातलं आता कोण करतं? टाकून द्या." दुसरा हसलाच. तीन थोरल्यांतला वेगळा कोणता, ते कळायला मार्ग नव्हता आणि अंदाजाने बसवून बघायची छाती नव्हती. शेवटी कपाटातून चादर आली. तिच्या काळोखात मी पुन्हा ऐकू लागलो, "दमलीस?" "नाही, बाबा." माझे काय, मी वस्तू; भंगारात गेलो तरी पत्र्याचे मोल येईल. पण ह्या दोघांचे नुकते जुळू लागलेले मोडत होते आणि त्याला डाग द्यायला मिस्त्री नव्हते. मला फार वाईट वाटले.

एके दिवशी सूनबाई माझ्या शेजारी उभी राहून नवऱ्याशी फोनवर बोलत होती. "बाबा काही बोलत नाहीत रे, त्याचंच तर वाईट वाटतं. त्यांची एवढी जिवापाड जपलेली वस्तू मी घालवली. तू येईपर्यंत मी लॅबच्या हॉस्टेलवर राहते. त्यांनाही बरं वाटेल." मी मनात म्हटले, बरे कसले वाटेल, बये! तो माणूस तुझ्यापेक्षा जास्त शरमला आहे. पण दोघांनाही आधी बोलायचे नव्हते.

जायच्या दिवशी सकाळी तिची बॅग दाराशी आली. चष्मेवाले खुर्चीत बसले होते. त्यांना म्हणायचे होते, "जाऊ नकोस." त्याऐवजी त्यांनी चष्मा काढला आणि काचेवर 'हाऽ' केले. अडचणीत सापडले की त्यांचे हेच.

सूनबाई पाया पडायला वाकली आणि तशीच थबकली.

"बाबा, काचेवर हे काय उमटलं?"

"कुठे? हां, ते होय. काच बनवणाऱ्यांची खूण असते. कोरलेली. एरवी दिसत नाही, वाफ धरली की..."

वाक्य अर्धेच राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग दोघांनी चादरीकडे पाहिले. पुढच्या क्षणी चादर जमिनीवर होती.

चष्मेवाल्यांनी पहिला थोरला दिवा हातात घेतला आणि जन्मभराचा सराव पणाला लावून 'हाऽ' केले. काच धुरकटली, पुन्हा साफ झाली. काही नाही. त्यांनी परत केले. काही नाही.

"मी स्पिरिटनं पार धुऊन काढलं हो," सूनबाईचा आवाज रडवेला झाला.

"शाई गेली. पण इतकी वर्षं जिथे बसली होती, तिथे काही ना काही माग राहिला असेल."

"थांबा. असा समोर नका धरू. खिडकीकडे वळा, तिरका धरा. आम्ही काचपट्टी बघतो ना, तसा. हां, आता करा."

"हाऽऽ."

"चार!... नाही, आठ आणि चार! ८४!"

लहान मुलांनी करावा तसा आरडाओरडा केला दोघांनी. दुसऱ्या दिव्यावर ८१ उमटले, डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकले आणि विरून गेले. तेवढे पुरे झाले. तिसरा ८४. त्याचा जुळा भाऊ सापडला होता. बुटके दोघे एकसारखेच असल्याने त्यांची काळजी नव्हती. ज्याचा तो आपापल्या घरी बसला. नवा फ्यूज घातला, स्पीकरच्या तारा तपासल्या. चष्मेवाले बाजूला झाले.

"तू दाब बटण."

"मी? नको, बाबा."

"दाब गं."

तिने दाबले आणि दोघे श्वास रोखून बसली. मी तापत होतो. चष्मेवाले माझ्याकडे बघूनच म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते मला बोलायचं नव्हतं. ही नुसती पेटी आहे. मिस्त्री नाहीत, पण दुसरी मिळेल. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू?"

सूनबाईने डोळे पुसले. तेवढ्यात पाचही दिवे नारिंगी उजळले, माझा घसा खरखरला आणि गाणे सुरू झाले. चष्मेवाल्यांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिले आणि खो खो हसत म्हणाले, "दिवे लावलेस हो, सूनबाई!"

शब्द तेच, पण ह्या वेळी तीही हसली. बॅग दाराशीच राहिली. संध्याकाळी ती आत कोणी नेली ते मला दिसले नाही, कारण मी कामात होतो.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे मागणे थोडे आहे. घरातल्या जुन्या वस्तूची निगा जरूर राखा, पण पुसण्याआधी तिला ओळखणाऱ्याला एकदा विचारा. ती गप्प झाली तर लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. जे पुसले गेले असे वाटते, ते थोड्या उबेने पुन्हा उमटते. फक्त काच जरा उजेडाकडे तिरकी धरावी लागते. आणि माणसांचेही काही वेगळे असते असे मला वाटत नाही.

बरे, आता पुरे. खाली फाटक वाजले, सूनबाई आली. चष्मेवाले चष्मा पुसत बसले आहेत आणि त्यांचा हात अजून बटणापाशी गेलेला नाही. ती जिन्यावरूनच हाक देते आहे. तिला हे कोणी शिकवलेले नाही, काकूंना तर तिने पाहिलेही नव्हते.

"बाबा, दिवे लावले का?"

"तू ये आधी," चष्मेवाले म्हणतात, "मग लावू."