दहा टिचक्यांचं शून्य

मित्रांनो, तबकडीचा जुना काळा टेलिफोन म्हणजे मी. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं. स्वतःविषयी सांगताना अडखळतो. चुकलो तर सांभाळून घ्या.

कारखान्यात माझ्या पोटात घंटा आणि तारा बसवल्या, पण त्यांतून माणसाचा आवाज कसा जातो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. अर्ज करून आठ वर्षं वाट पाहिल्यावर अविनाशरावांनी मला दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. सुनीतीवहिनींनी हळदकुंकू वाहिलं. पुण्याहून त्यांच्या आईचा "अगं, ऐकू येतंय का?" असा आवाज माझ्यातून निघाला, तेव्हा वहिनी रडल्या आणि मी थरारलो. केवढे डोंगर, केवढ्या नद्या ओलांडून आला होता तो! लवकरच जिन्यातल्या सगळ्यांच्या पत्रांवर माझा नंबर गेला. पुढे 'पी. पी.' लिहिलेलं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा.

मुलं मात्र फोनवर वेळ सांगणाऱ्या बाईचा नंबर सारखा फिरवत आणि बिल वाढवत. म्हणून अविनाशरावांनी तबकडीच्या भोकात छोटंसं कुलूप अडकवलं. किल्ली त्यांच्याबरोबर ऑफिसात जाई. फोन येई, पण करता येत नसे.

१९९२ सालचा एक सोमवार. खालच्या मजल्यावरच्या सखुबाई हातात पत्र घेऊन धापा टाकत आल्या. त्यांचे यजमान संपतराव लष्करात, सीमेवर होते.

"वहिनी, आमच्या युवराजला गुडगावच्या मोटारकारखान्यानं बोलावलंय. बुधवारी सकाळी दहाला! अन् तो बसलाय साताऱ्याकडं गावी. आज संध्याकाळची गाडी चुकली तर गेलीच की हो नोकरी!"

सोमवारी बाजार बंद, म्हणून पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचं दुकानही बंद. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "बिल्कुल अक्कल नाही यांना! घड्याळवाल्या बाईला कुलूप घालायला निघाले!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोपऱ्यात पुस्तकात डोकं खुपसून बसलेले पद्माकरराव खाकरले. ते वहिनींचे सासरे, तार ऑफिसातून निवृत्त झालेले. "मला वाटतं... म्हणजे चुकतही असेन. तबकडी परत येताना टिकटिक होते ना? तीनला तीन, शून्याला दहा. रिसिव्हर ठेवायचा हा खटका तेवढ्याच वेळा दाबला तर..."

"बाबा, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

त्यांनी सखुबाईंकडून गावच्या एसटी स्टँडवरच्या बूथचा नंबर घेऊन समोर ठेवला आणि माझ्या खटक्यावर टिचक्या मारू लागले. पहिल्यांदा कुठल्याशा परक्या बाई "राँग नंबर" म्हणून रागावल्या. दुसऱ्यांदा नुसती खरखर. पद्माकररावांनी बोटं चोळली. "बोटात पूर्वीचा ठेका राहिला नाही."

"राहिलाय, काका. तुम्ही मारा, मी मोजते," सखुबाई म्हणाल्या.

एक, दोन, तीन... दहा. मी जीव मुठीत धरून होतो. आणि माझ्यातून आवाज आला, "बोला, दामू बूथवाला!"

"दामूभाऊजी, युवराजला गाडीत बसवा! आत्ताच्या आत्ता!"

म्हाताऱ्या बोटाच्या टिचक्यांनी हजार-दीड हजार किलोमीटरवरचं दार उघडलं होतं. दुपारी मी वाजलो. "आई, साताऱ्याच्या स्टेशनावर आहे. तिकीट काढलंय."

नोकरी मिळाली. पण त्याआधी, त्याच सोमवारी संध्याकाळी, अविनाशरावांनी मुकाट्याने कुलूप काढलं होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "वेळ विचारायचीय का? देऊ नंबर फिरवून?"

पुढे गच्च्यांवर छत्र्या उगवल्या, टीव्हीत शेकडो चॅनेलं आली, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. फोन तर तार सोडून खिशात शिरला! मी माळ्यावरच्या अंधारात पडून नवल करत राहिलो. पद्माकररावही गेले.

गेल्या दिवाळीत युवराजने मला मागून घेतलं. तो आता मानेसरला सुपरवायझर आहे. त्याची मुलगी अर्पिता म्हणाली, "पप्पा, याला चार्जर कुठे लावायचा?" तो हसला आणि खटक्यावर टिचक्या मारू लागला. शेजारी सखुबाई पुटपुटत होत्या, "...आठ, नऊ, दहा." पलीकडून कुणीच बोललं नाही. तरी त्या रिसिव्हर कानाला लावून बसल्या.

मित्रांनो, तुमच्या खिशातला फोन माझ्याहून फार हुशार आहे. त्याला जपा. पण कुणी धापा टाकत दाराशी आलं, तर फोनचं कुलूप आधी उघडा आणि मग विचारा, काय झालं.