बेदाण्याच्या जागी

तळहातावर वाकडा होऊन पडलेला होता तो — नारिंगी, खरखरीत, शेपटाकडे जरा काळवंडलेला — सुकवलेल्या कोळंबीचा एकुलता एक सोडा. आणि दर्शन त्याच्याकडे असा टक लावून बसलेला की बघणाऱ्याला वाटावं, आता हा सोडा उठून बसणार आणि चहा मागणार.

खरं तर हवा होता बेदाणा. वर्तकनगरच्या संचिता मॅडमनी — ऑफिसच्या कामाने पार करपून गेल्यापासून तो त्यांच्याकडे मन दाखवायला जात होता — घरी करायला सांगितलेलं: एक बेदाणा घ्या, बघा, हुंगा, सावकाश चावा, दुसरं काही करू नका. पण कोळीवाड्यातल्या दर्शनच्या घरात बेदाणा शोधणं म्हणजे खाडीत उंट शोधणं. म्हणून त्याने मागच्या खेपेला सरळ ठोकून दिलेलं, केलं मॅडम, फार शांत वाटलं. आणि ते इतक्या सफाईने, की क्षणभर त्याचं त्यालाही शांत वाटलं.

आज पुन्हा जायचं होतं. सकाळीच ऑफिसातल्या साहेबांचा, प्रभाकर सरांचा फोन — सोमवारी शीळफाट्याच्या ऑफिसात हजर हो, फक्त मॅडमकडून ठीक असल्याचं लिहून आण. दर्शनला ते हवंच होतं. आजवर कुठल्या परीक्षेत नापास झालोय मी? पण मॅडम विचारणार, चव कशी होती. आणि खोटं बोलायचं तर त्याला जरा खऱ्याचा मसाला लागतोच… म्हणून हा सोडा. थापेची तयारी.

त्याने तो तोंडात टाकला. दातांनी तक्रार केली. मग जिभेवर मीठ सुटलं, आणि मिठामागून ऊन — चटईवर पसरलेली कोळंबी, हातात काठी घेतलेला दामाजी आजा, आणि लहानगा दर्शन, कावळे हाकायला बसवलेला. आजा सांगायचा, एकदा एवढी मोठी कोळंबी लागली की तिच्या मिशांवर अख्ख्या आळीने कपडे वाळत घातले. कावळेसुद्धा ऐकत बसायचे, चोरी विसरून. त्या दुपारी कुणी विचारलं नाही, किती कावळे हाकलेस. आणि पुढे… पुढे तो फोन, ज्याच्या थरथरीने फळीवरची वाटी सरकत सरकत कडेपर्यंत यायची, आई म्हणायची घरात भूत शिरलंय — भूत कसलं, मीच तो, जेवताना, अंघोळीत, झोपेतही उत्तरं देणारा — आणि ती संध्याकाळ, घराच्या दाराला ऑफिसचं कार्ड लावून, हिरवा दिवा लागायची वाट बघत उभा राहिलेला. दार उघडंच होतं. आई आतून बघत होती.

"काय रं, कच्चाच चावतंस?" मालू, त्याची आई, आता दारात उभी होती.

"मॅडमनी सांगितलंय, आई. सावकाश चावायचं."

"कच्चे सोडे? मंग त्यांना सांग, दात पन तुमीच बसवून द्या."

"बेदाणा सांगितलेला."

"आनि तू ह्यो खाल्लास." तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "बरा होतोयस वाटतं. आजा पन सांगितलेलं कदी करत नव्हता."

त्याला हसू आलं. आणि ते पोटातून, मीटिंगमधलं नव्हे. मग ध्यानात आलं की फोन केव्हाचा वाजून गप्प झालाय, प्रभाकर सरांचाच, आणि आपल्याला ऐकूच आला नव्हता.

वर्तकनगरला रिक्षातून उतरताना रचलेली वाक्यं तोंडाशी होती. शांत वाटलं, झोप सुधारली, सोमवारसाठी तयार आहे… बाहेरच्या बाकावर बसून त्याने ती पुन्हा घोळवायला घेतली, तर दुसऱ्याच्या तोंडची वाटू लागली, आणि एकेक करून गळून गेली. खरं सांगितलं तर चिठ्ठी मिळणार नाही, सोमवार हुकेल, सर काय म्हणतील… म्हणतील काहीतरी. आजवर तो पाठ केल्याशिवाय कुठल्याच खोलीत शिरला नव्हता. आतून नाव पुकारलं गेलं. आत गेल्यावर आपण काय बोलणार, याचा त्याला पत्ता नव्हता — आणि गंमत अशी की ते ऐकायची त्याला स्वतःलाच उत्सुकता लागून राहिली होती.