एका किटलीत दोघी

मित्रांनो, मी एक जुनी, जळून काळी पडलेली तापमापक कांडी आहे. वीतभर लांबी, आणि राग मात्र अजून नाकावर. का, ते ऐका.

कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, दोन ट्रान्सफॉर्मर शेजारी शेजारी होते. एक नंबरच्या तेलात मी, दोन नंबरच्या तेलात माझी जुळी बहीण. तेल फार तापलं की आम्ही ओरडायचं आणि शेजारच्या खोलीतल्या पॅनेलने तो ट्रान्सफॉर्मर बंद करायचा.

१९९८ साली फौंड्री सुरू करायच्या दिवशी आमची तपासणी झाली. एकेक कांडी गरम पाण्यात बुडवायची आणि पॅनेलवर तिचाच काटा चढतो का ते बघायचं, अशी रीत. पण दारात पूजा मांडलेली, पाहुणे खोळंबलेले. वायरमन आकारामने चहाच्या किटलीत पाणी उकळून आणलं.

"एकेक कशाला? दोन्ही टाक की एकदम!" इंजिनियर अमरसिंह साहेब म्हणाले.

"व्हय की, लवकर उरकंल," आकाराम म्हणाला.

आम्हाला एकाच किटलीत कोंबलं. दोन्ही काटे झरझर चढले. नारळ फुटला, पेढे वाटले. पॅनेलमागे माझी तार तिच्या काट्याला आणि तिची माझ्या काट्याला जोडली गेली होती. दोघी सारख्याच तापल्यावर ते कळणार कुणाला? मेली ती घाई!

तीन वर्षांनी एका मे महिन्यात एक नंबरच्या पोटात बिघाड झाला. तेल उकळू लागलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले. पॅनेलने काय केलं? दोन नंबर बंद केला! धडधाकट शेजारी झोपला आणि त्याचाही सगळा भार माझ्या तापलेल्या ट्रान्सफॉर्मरवर आला.

पॅनेलवर दोन नंबरचा काटा चढलेला बघून आकाराम धावत आला. त्याने दोन नंबरवर हात ठेवला.

"आयला, ह्यो तर गार हाय!"

त्याची पाठ माझ्याकडे होती. मी ओरडत होते, पण माझी हाक भलत्याच घरी जात होती.

धाडकन टाकी फाटली. पत्र्याच्या चिंध्या उडाल्या. पेटलेलं तेल आकारामच्या पाठीवर, हातांवर पडलं. तो किंचाळत जमिनीवर लोळला. त्याचा भाऊ पिराजी साच्यांची वाळू ओंजळींनी त्याच्यावर टाकत होता आणि हंबरडा फोडत होता.

नंतर तपासात तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या, तेव्हा पिराजीने साहेबांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. "माझ्या भावाला जाळलंस की रं!" साहेबांचं नाक फुटलं. त्यांनी हात उचलला नाही.

आकाराम वाचला, पण त्याची बोटं कायमची आखडली. मला साहेबांनी राखेतून उचललं. तेव्हापासून मी त्यांच्या पिशवीत असते.

पुढे नवा ट्रान्सफॉर्मर बसला. तपासणीला साहेबांनी मला टेबलावर समोरच ठेवलं. आकाराम मुद्दाम आला होता. त्याला किटली धरता येईना, म्हणून साहेबांनीच धरली. तो पॅनेलपुढे उभा राहिला.

"साहेब, येकच बुडवलीया न्हवं?"

"एकच, आकाराम."

एकच काटा चढला, अगदी बरोबर तोच. त्या काट्याकडे बघत आकाराम ढसाढसा रडला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तपासताना आम्हाला खुशाल चटके द्या, खुशाल उकळा. पण एकेकटीला.