चौथ्या मिनिटाला

"सुरू झालं का?" बाबांनी कानातलं यंत्र बोटाने आत दाबत विचारलं.

"झालंय, बाबा. सुरुवातीला नुसता ठेकाच असतो."

शुक्रवारी दुपारी माझं नवं गाणं जगभर प्रसिद्ध झालं. जगभर म्हणजे तेव्हा चौदा जणांनी ऐकलं होतं, आणि त्यातला एक मी. पोटासाठी मी पंपांच्या दुकानात सुटे भाग काढून देतो. कामावर जायच्या आधी कॉम्प्युटरवर संगीत करतो. या प्रकाराला मेलॉडिक प्रोग्रेसिव्ह हाऊस म्हणतात. बाबा त्याला धडधड म्हणतात. एरवी ते उठून चपला घालून बाहेर गेले असते, पण या गाण्यात चौथ्या मिनिटाला ठेका थांबतो आणि आईचं गुणगुणणं येतं. ती इस्त्री करत असताना ते फोनवर चुकून रेकॉर्ड झालं होतं. आई जाऊन दीड वर्ष झालं. तिचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरलाय. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांनाही बोलायला सुचत नाही. "गाणं पुरं होऊ दे, तेव्हाच ऐकेन," असं बाबा म्हणाले होते. त्या दिवशी सकाळीच दाढी करून बसले होते.

चौथं मिनिट जवळ आलं तसा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. तो आवाज ऐकायचा मला धीरच होत नाही.

गाणं संपल्यावर बाबा म्हणाले, "छान. आली ती. अगदी स्पष्ट आली."

मला भरून आलं. तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, आईचा आवाज कुठंय? मधे नुसतं सूं सूं वाजतंय!"

मी कॉम्प्युटर उघडून बघितलं. बास, म्हणजे खालचा खर्ज, नीट बसवताना मी आईचा ट्रॅक म्यूट केला होता, तो तसाच राहिला होता. पाठवण्याआधी गाणं शेवटपर्यंत ऐकावं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मी ऐकलं होतं, चौथ्या मिनिटापर्यंत.

बाहेरच्या खोलीत पुन्हा धडधड सुरू झाली. बाबा फोन कानाशी धरून वाकून बसले होते. यंत्राचा सेलही त्यांनी बदलला होता.

"काय करताय, बाबा?"

"काही नाही." मग खाली बघत म्हणाले, "खोटं बोललो रे. तिचा आवाज मला आलाच नाही. कान गेले माझे."

"कान शाबूत आहेत तुमचे. माती मी खाल्ली." मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी काही खैर नाही. ते एवढंच म्हणाले, "मग आता लाव."

मी कॉम्प्युटर त्यांच्यापुढे आणून ठेवला. ड्रम बंद केले, बास बंद केला, सहा महिन्यांची मेहनत एकेक करून गप्प केली. उरली फक्त आई. ती थोडं गुणगुणली. त्यापुढचे तिचे शब्द ठेका परत येताना त्याच्याखाली बुडायचे, ते आता उघडे पडले.

"अहो, ऐकलंत का?"

"आलो," बाबा म्हणाले, आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्धे उठले.

मग तसेच हळूच खाली बसले.