झाकण कोण उघडतं?

गुरुप्रसादचा स्वभावच संशयी. सख्ख्या मामाने प्रेमाने आणून दिलेल्या बांगड्याचेही कल्ले उचकून बघणारा माणूस. अख्ख्या गावात त्याचा डोळे मिटून विश्वास होता तो एकट्या शिवा मेकॅनिकवर. दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलेले. पर्यटकांना मालवणहून गोव्याच्या मोपा विमानतळावर सोडणारी गुरुप्रसादची गाडी शिवाखेरीज कुणी उघडलेली नव्हती. गाडीची दुसरी किल्लीसुद्धा शिवाकडेच असायची.

म्हणूनच शिवाने तेल बदलून दिल्यावर दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं, तेव्हा ते गुरुप्रसादच्या मनाला फार लागलं. आणि मनाला लागलं की त्याचं डोकं भलतीकडे धावतं. शिवाच्या मेव्हण्याने गेल्याच महिन्यात टॅक्सी घेतली होती. आपली गाडी बंद पडली तर विमानतळाची गिऱ्हाइकं कोणाकडे जाणार? झालं, शिवाला एका शब्दाने न विचारता त्याने गाडी सावंतवाडीला नेली.

तिथल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. इंजिन भलतीकडून हवा ओढतंय, असं म्हणाला आणि बॉनेट उघडून तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण दाखवलं. ते नुसतं टेकवून ठेवलेलं होतं. त्याने झाकण घट्ट पिळलं, दिवा घालवला आणि म्हणाला, "तुमच्या मेकॅनिकाचो निष्काळजीपणा, दुसरा काय?"

निष्काळजीपणा गुरुप्रसादने एक वेळ पोटात घातला असता. पण दोन दिवसांत दिवा पुन्हा पेटला. त्याने बॉनेट उघडलं, तर झाकण पुन्हा सैल. म्हणजे कोणीतरी घरापुढच्या खळ्यात येऊन मुद्दाम उघडत होतं, आणि किल्ली असल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मेव्हण्याच्या टॅक्सीपायी शिवा आपल्या जिवावर उठला, हे त्याला सहन होईना.

हे काही पोलिसात जाण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन तो रवळनाथाच्या देवळात गेला. गुरव जेवायला गेला होता, ते बरंच झालं. गुरवाऐवजी त्याने स्वतःच देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ज्या हातान माझ्या गाडयेचा झाकाण उघडला, तो हात लुळो पडांदे रे म्हाराजा." शिवाचं नाव काही त्याच्या तोंडून निघेना. पण देवाला नाव सांगायची गरज नसते, असं त्याने मनाला बजावलं.

त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी शिवाच खळ्यात उभा. गाडी सावंतवाडीला गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

"माका सांगूक काय झाला होता?" त्याने विचारलं.

"तुका सांगान काय होतला? करणारो तूच," गुरुप्रसाद बोलून गेला.

शिवाचा चेहरा उतरला. त्याने बॉनेट उघडलं. झाकण सैलच होतं.

"ह्या मी करतंय म्हणतंस?"

"तां झाकाण मी उघडतंय." ओटीवरून आवाज आला. गुरुप्रसादचे वडील आबा खाली उतरत होते. चाळीस वर्षं त्यांनी ट्रॉलरचं इंजिन सांभाळलं होतं. "नवा तेल घातल्यार धा दिस रोज सकाळी बघूचा लागता. बोटीर आमी तसाच करू. तू लोकांका घेवन एवढ्या लांब जातंस, माजो जीव थाऱ्यार रवता काय? म्हणान तू उठाच्या आदी खुंटयेवरची किल्ली घेतंय."

गुरुप्रसादच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला हसूच आलं. "मगे घट्ट तरी लावा, आबा."

"घट्टच लावतंय," म्हणत आबांनी झाकण बसवलं आणि पिळलं. उजव्या हाताची बोटं नुसती घसरली. पुन्हा पिळलं, पुन्हा घसरली. "लागला," ते म्हणाले आणि हात मागे घेतला. शिवाने एका बोटाने ते झाकण गरकन फिरवून दाखवलं.

"आबा, हात असो कधीपासना झालो?" शिवाने विचारलं.

"झाले धा-बारा दिस. एक दिस सकाळी उठलंय तर पेलो धरूक येय ना. जायत आपोआप बरो, म्हटलंय. हेका सांगूक नाय, नायतर हो घर डोक्यार घेतलो."

गुरुप्रसादने दिवस मोजले. गाऱ्हाणं तीन दिवसांपूर्वीचं, हात त्याच्या कितीतरी आधीचा. दुखणं आपल्या तोंडून आलेलं नाही, हे त्याला कळत होतं. पण दहा दिवस एका घरात राहून बापाचा हात आपल्याला दिसला नाही, आणि दिसला नाही तोच हात लुळा पडावा म्हणून आपण नारळ ठेवून आलो.

"शिवा, मी देवाकडे गाऱ्हाणा घातलंय," तो म्हणाला. "झाकाण उघडणाऱ्याचो हात लुळो पडांदे म्हणान. तुझ्यार घातलंय."

 शिवाने बॉनेट खाली आपटलं. "तां मागे घेवक येतला. आदी आबांका ओरोसाक हॉस्पिटलात न्हेवया. तू मागे बस तेंच्या वांगडा. गाडी मी चालवतंय."

गाडी ओरोसच्या अलीकडे कसालला पोचली. आबा खिडकीबाहेर बघत होते, त्यांचा हात गुरुप्रसादने मांडीवर धरून ठेवला होता. मग शिवाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "गुरू, आणि तो हात माजो असतो तर?"